नाक, बिडी आणि आंबेमोहर

पौड, ३ डिसें. ५८
आज तांदळाच्या दुकानात पुन्हा पडद्याआड दोनदा बांगड्या वाजल्या. म्हणजे आंबेमोहर नाही, साधा बिनवासाचा कोळंब. मी मुठीत तांदूळ धरला, तोंडाची वाफ दिली, हुंगलं, मान हलवली. सगळं नाटक! बिड्या ओढून माझं नाक केव्हाच मेलंय. नमुन्याची वाटी 'देवापुढे' म्हणून आत जाते, तिथं बायको, सरू, हुंगते. एकदा वाजवलं तर आंबेमोहर. गाव म्हणतं, बापाचं नाक पोरानं घेतलं. कपाळ घेतलं!

५ डिसें.
सासूबाईंचा पाय मोडला. सरू ताम्हिणीला गेली. निघताना म्हणाली, "बिडी सोडा. मी जल्मभर तुमचं नाक होऊन बसू व्हय?" डॉक्टरही तेच म्हणाले. सोडलीत तर वास परत येईल. कदाचित. बंडल चुलीत टाकलं.

८ डिसें.
डोकं ठिकाणावर नाही. साधी बेरीज जमेना. गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो. हात सारखा खिशात जातो. नाक तसंच मढं. ओढली तर नाक नाही, न ओढावी तर डोकं नाही. जायचं कुठं माणसानं?

११ डिसें.
वास आला! सरूच्या उशीला, तिच्या तेलाचा. रडलोच.
मग आठवलं, अभ्रा ती धुऊन गेलीय. असो. आला तो आला.

१३ डिसें.
माले गावचे किसनतात्या तांदळाची गाडी घेऊन आले. "यंदा रोपं सरमिसळ झाली, शेट. आंबेमोहर हाय का कोळंब, तुमीच सांगा." वाफ दिली, हुंगलं. मोहराचा वास, अगदी लहानपणचा! ठासून सांगितलं, आंबेमोहर. सगळा माल पुण्याच्या वकिलांकडे लग्नाला रवाना. तिथं कोळंब शिजला तर वडलांपासूनचं नाव संपलं. पण नाही, मी स्वतः हुंगलाय.

१७ डिसें.
सरू आली. घरापुरता ठेवलेला तोच तांदूळ रांधला. झाकण काढलं, काय घमघमाट! तिनं वाकून वाफ घेतली.
"कसाय?"
"आदी तुमी सांगा."
"आंबेमोहर. अस्सल."
"पुण्याला किती धाडला?"
"सगळा."
ती भात वाढायला लागली. बांगड्या वाजल्या, दोनदा. वाढताना वाजल्या असतील. विचारलं नाही. लग्न उद्या आहे. भाताचा वास मला अजून येतोय.