लग्नाची पट्टी सरकली

१० जाने.
प्रज्ञानं माझ्या फोनात प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. विहाराच्या हॉलचं काम आता त्यातच बघायचं म्हने. मी म्हनलं, माझ्या डोक्यात हाय की सगळं. तर म्हनली, "मोठीआई, तुझ्या डोक्यातलं मला तळेगावातनं दिसत न्हाई." कंपनीत प्लॅनिंगला हाय ती, दिवसभर हेच करती. पुतणी धाकट्या दिराची, पन तोंड माझ्यावर गेलंय.
वस्तीनं देखरेख माझ्याकडं दिली. सेंट्रिंगच्या गँगवर जन्म गेला म्हनून. अन् वरडायला दुसरं कोन तयार न्हाई म्हनून.
फोन गरम झालाय. ठेवते.

१२ जाने.
प्र. शिकवायला आली. एकेका कामाची एकेक पट्टी. दोरीवर साड्या वाळत घातल्यागत दिसतं. हे झाल्यावर ते, असं सांगायला मधी बाण. भिंती, मग सेंट्रिंग म्हंजी स्लॅबखालच्या प्लेटा अन् टेकू, मग सळई, मग स्लॅब, मग टेकू काढायचे, मग रंग. आंगन सगळ्यात शेवटी, मे महिन्यात. ते नुस्तं मुरूम टाकून सारखं करून ठेवलंय.
रंगाच्या पुढं एक गुलाबी पट्टी. हे काय? तर "लग्न." तिचं स्वताचं! २३ मार्च.
म्हनलं, लग्नाला बाण लावतीस व्हय गं?
"लावावाच लागतोय. सासऱ्यांनी सांगितलंय, हॉल तयार असला तर हितं कुरवंड्यात, नसला तर तळेगावात एसी हॉल."
त्यांच्यातली माणसं रेल्वेत. रजा पास झाल्यात, तारीख हलणार न्हाई. अन् हिला हितंच पायजे. हिची आई, माझी जाऊ, जोत्याला दगड वाहता वाहता गेली. म्हंजी त्या वर्षी गेली. हे प्र. बोलत न्हाई, पन मला ठावं हाय.
सासऱ्यालाबी सॉफ्टवेअरमधे घेतलंय. काम कुठवर आलं ते त्यांना रोज दिसावं म्हनून. हौस.

१६ जाने. गुरुवार
श्रमदान. वस्तीतली सगळी पोरं नवलाख उंबरे गावाकडच्या कंपनीत, सुट्टी गुरुवारी. सॉफ्टवेअरला वाटतंय सगळ्या दुनियेला रविवारीच सुट्टी. रविवारी हितं टुरिस्टांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो, वाळूचा टेम्पो वर येत न्हाई, त्याला काय माहीत. प्र.नं तिकडून गुरुवार बसवून दिला.
पिठलं भाकरी माझ्याकडं. पोरं जेवली, वीट चढवली.

१७ जाने.
प्रत्येक कामापुढं नाव मागतंय, कोन करनार. मी घातलं, सगळी. घेत न्हाई. एकच नाव पायजे त्याला. आमच्यात काम सगळी करत्यात, शिव्या एकटी मी खाते. मंग सगळीकडं माझंच नाव टाकलं.
संध्याकाळी प्र.चा फोन. "मोठीआई, एकाच दिवशी तू वाळू चाळतीस, भिंत बांधतीस, पानी मारतीस अन् टाकी धुतीस. तुझं नाव लाल झालंय."
म्हनलं, मी लालच असते, तुझ्या बापाला विचार.

२७ जाने.
टिक करायला आलं. काम झालं की बोट लावायचं, पट्टी हिरवी होती. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.
विटावाल्याला फोन केला, म्हनला पाठवतो. टिक. वाळू, म्हनला उद्या. टिक. दोन्ही आलं. फोनात नुस्तं बोट फिरवायचं, एवढंच तर हाय. ह्यासाठी पोरं कॉलेजात जात्यात.

११ फेब्रु.
भिंती झाल्या. सेंट्रिंगवाला दत्तू शेळके येऊन गेला. गावातलाच. माझ्या मालकांबरोबर कामं केलेला, मंग माझ्याबरोबर. भिंतीवर बसला, चहा घेतला. "आक्का, सोमवारी प्लेटा अन् टेकू उभे राहिले समजा. माझ्या मागोमाग सळई. काळजी सोड."
दत्तूनं चहा घेऊन सांगितलं म्हंजी झालंच. आमच्यात असंच चालत आलंय. दोन्ही पट्ट्यांना टिक केली. स्लॅबपातुर हिरवंगार.
दीर बबन, प्र.चा बाप, येऊन फोनात डोकावला. "वैनी, तुमी तर इंजिनेर झाला."

१८ फेब्रु.
लिहायला हात उठत न्हाई. लिहितेच.
सकाळी हॉर्न. बघते तर कालवलेल्या काँक्रीटची मोठी गाडी, ड्रम फिरतोय. स्लॅबसाठी. प्र.नं मागवलेली. अन् वर बघावं तर चार टेकू, आभाळ उघडं. दत्तूच्या प्लेटा लोनावळ्यात बंगल्यावर अडकलेल्या, तो काल आलाच न्हवता. मी सोमवारी बाजाराला गेलते, इकडं फिरकलेच न्हाई. टिक केलती की.
ड्रायव्हर म्हनला, "आजी, लवकर सांगा, कुटं ओतू? उन लागलं की ड्रममधेच बसंल."
म्हनलं, ओत माझ्या डोक्यावर.
पंपाची गाडी मागून येत होती, तिला फोन करून खालीच थांबवली. पुरुष मानसं कामावर. बाया, म्हातारी, बबन. तेवढ्यात दत्तू मोटारसायकलवर आला. तोंड एवढंसं. त्याला शिव्या द्यायला टाइम न्हवता. बघितलं इकडं तिकडं. आंगन. मुरूम टाकलेलं, सारखं.
"ओत हितं!"
बायांनी फावडी घेतली, दत्तूनं फळी मारली, उतार मी धरला. पानी विहाराकडं नको, वढ्याकडं जाया पायजे. शेवटाला ड्रायव्हरबी खाली उतरून फळी वढत होता. "आजी, तुमी कुटल्या कंपनीत होता?" दुपारच्याला आंगन झालं.
मे महिन्याची पट्टी. हिला टिक केली. ही एक टिक खरी.

१९ फेब्रु.
प्र.चा फोन. वरडली असती तर बरं झालं असतं.
"हिरवं दिसलं म्हनून गाडी बुक केली मी. मला शिफ्टमधनं वर यायला जमत न्हाई. म्हनून तर हे."
"दत्तूनं शब्द दिलता."
"शब्द दिला, अन् काम झालं. ही दोन कामं हायेत, मोठीआई."
"आमच्यात एकच असतंय."
मंग म्हनली, "हात लावून बघ. मंगच टिक कर."
खोट्या टिका तिनं काढल्या. एकेक पट्टी उजवीकडं सरकायला लागली. सळई सरकली, स्लॅब सरकला. स्लॅबनंतर तीन आठवडे टेकू काढता येत न्हाईत, ते मला कोनी शिकवायला नको. रंग सरकला. शेवटी गुलाबी पट्टीबी सरकली. एप्रिलमधे जाऊन बसली. कुनाला न विचारता.

२० फेब्रु. गुरुवार
श्रमदान झालं न्हाई. भांडण झालं.
सॉफ्टवेअरनं आपल्या आपण सगळ्यांना निरोप पाठवलाय. लग्न, तारीख बदलली. तळेगावच्या गायकवाडांना, म्हंजी प्र.च्या सासऱ्यांनाबी. त्यांचा बबनला फोन. "मुलीकडच्यांनी लग्न पुढं ढकललं हे आम्हाला मोबाईलवरून कळावं? सांगायची काही रीत आहे की नाही?"
बबन दारात येऊन, "वैनी, तुमच्या बोटानं लग्न मोडलं!"
"मोडलं न्हाई. सरकलंय."
"त्यांना सांगा जाऊन!"
म्हनलं, सांगते की. नंबर दे. दिला न्हाई.
पन त्यांचं ठरलं ते ठरलं. तारीख २३ च. तवर हॉल न्हाई, म्हंजी तळेगावचा एसी हॉल. प्र. बापाला फोनवर "बघते" एवढंच म्हनली.

२५ फेब्रु.
दत्तू प्लेटा घेऊन आला. सगळं उभं केलं. मी शिडीवर चढले अन् एकेक टेकू हातानं हलवून बघितला. दत्तू खालनं बघतोय.
"आक्का, आता विश्वास न्हाई व्हय माझ्यावर?"
"हाय की. हात लावल्यावर."
टिक केली. चहा ठेवला होता. घरी काम हाय म्हनून गेला, घेतला न्हाई. एवढ्या वर्सांत पैल्यांदा.
प्र.ला हे सांगायला पायजे, का नको

४ मार्च
स्लॅब पडला. ह्या वेळी गाडी यायच्या आधी प्र.नं तीनदा विचारलं अन् मी तीनदा फोटो पाठवला. सळईवर पाय दिऊन काढलेला. चांगला झाला स्लॅब. दत्तू आलता, कामापुरतं बोलला.
आजपासनं तीन आठवडे. २३ ला टेकू आतच. हॉल म्हंजी नुस्तं टेकूंचं रान.

६ मार्च. गुरुवार
प्र. सुट्टी टाकून आली. मी स्लॅबला पानी मारत होते. आंगनात बायांनी कुरडया घातल्यात. ताटासारखं झालंय आंगन, कुटं चीर न्हाई. पोरं कडंनं सायकल फिरवत्यात, कुरडया वाचवून.
ती जोत्यावर बसली. आईनं वाहिलेल्या दगडांवर. मुद्दाम बसली असंल, नसंल.
मी म्हनलं, "आंगनात कर लग्न."
"छत?"
"मांडवाचं. वंदना म्हनायला अन् हार घालायला स्लॅब कशाला लागतोय? मूर्ती जोत्यावर ठिवू. पावनं समोर."
"त्यांनी हॉल म्हटलंय."
"हॉल हाय की. मागं. टेकू लावलेला."
हसली. बऱ्याच दिवसांनी. मंग फोन काढून गुलाबी पट्टीचा बाणच काढून टाकला. पट्टी सुरकन् मागं येऊन २३ वर बसली. मी म्हनलं अगं आधी सासऱ्याला विचार तरी.
"गेला वाटतं निरोप," म्हनली. डोक्याला हात लावला.
एवढी शिकलेली. तीबी माझ्यासारखीच.

७ मार्च
गायकवाडांचा फोन, ह्या वेळी थेट मला. "बाई, तुमच्याकडं लग्न आहे का लोकलचं टाइमटेबल? उद्या येतो बघायला."
या म्हनलं. जेवायलाच या.

८ मार्च
गायकवाड आले. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, हातात छत्री. बूट काढून आंगनात आले, हे मला आवडलं. छत्रीच्या टोकानं ठोकून बघितलं, दोन तीन जागी. आत टेकूंमधनं वाकून फिरून आले, सदऱ्याला सिमेंट लागलं.
"उन्हाचं काय?"
"दत्तूचा चुलता मांडववाला. जाड कापड लावंल."
"लावेल की लावलंय?"
माझ्याकडं बघूनच बोलले. रोज मोबाईल बघत असनार. मी म्हनलं, "अजून विचारलं न्हाई. विचारलं की सांगते, लावलं की परत सांगते."
मान हलवली. "आंगण कुणी केलं?"
"चुकून झालं."
"कशानं?"
म्हनलं, मीच केली ती चूक, काम न बघता टिक केली. लपवायचं काय त्यात. बबन मागनं खुणा करतोय, गप बसा. गायकवाड म्हनले, "आमच्या रेल्वेत लाईन न बघता हिरवा सिग्नल दिला असता तर घरी बसवलं असतं तुम्हाला."
"हितं मी घरीच हाय."
हसले. जेवले. वर चहा घेतला, पुरा कप. निघताना प्र.च्या डोक्यावर हात ठेवला. "बघू. जमतंय असं दिसतंय. घरी बोलून घेतो."
गाडी वळायच्या आत बबन वस्तीत सांगत सुटला, तळेगावकर कबूल झालं.

९ मार्च
सकाळी दत्तूकडं गेले, मांडवाचं विचारायला. त्याच्या चुलत्याला म्हनलं, आधी कापड दाखव. दाखवलं. दत्तू म्हनला, "आक्का, चहा?" घेतला. दोघांनीबी.
प्र.नं नवी पट्टी घातलीय. तळेगावचा होकार. नाव माझं. मुद्दाम.
बबन सकाळधरनं मागं लागलाय. "वैनी, चहा घेतला त्यांनी, डोक्यावर हात ठेवला पोरीच्या. आनि काय पायजे? करा टिक."
त्यांच्या घरनं फोन अजून न्हाई. टिक केली न्हाई.
बबन म्हनला, तुमी सॉफ्टवेअरच्या झाला.
उन चढायच्या आत स्लॅबला पानी मारायचंय. फोन उशाला न ठिवता पदरात बांधून घेतलाय, वर ऐकू यावा म्हनून.