सातच्या गाडीचा डबा

शेळगाव,
ता. ९ डिसेंबर १९९६

प्रिय मेघना,

रोज सातच्या एस.टी.नं तुझा डबा बारामतीला येतो. त्यात चिठ्ठी घालायची सोडून आईनं पोस्टानं पत्र का पाठवलं, असं वाटलं असेल तुला. कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर पुढचं न वाचताच तू पहिल्या गाडीनं इकडं निघशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे, माझाच घेतलायस.

घरी तसं बरं आहे. बाबांची ज्वारी पोटऱ्यात आलीय. शेळी व्याली, दोन्ही माद्याच, पाटी झाल्या, त्यामुळं बाबा खुशीत आहेत. अंगणवाडीचं सध्या मदतनीस शकुबाईच बघते, मी नुसती सह्या करायला जाते. कागदावर डाग दिसतील ते रडण्याचे नाहीत. नाक-डोळे हल्ली आपोआप वाहतात, जांभया तर इतक्या येतात की जबडा दुखतो.

माझी कंबर तुला नवी नाही. दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या ओल्या पायरीवरून खिचडीच्या पातेल्यासकट आपटले आणि डॉक्टरांनी त्या निळ्या कॅप्सूल पंधरा दिवसांसाठी लिहून दिल्या. पंधरा दिवस कधी संपलेच नाहीत. पुढं तू फार्मसीला गेलीस, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम धरलंस आणि मी लाडीगोडी लावून तुझ्याकडूनच मागवायला लागले. सकाळी भरलेला डबा जायचा. संध्याकाळी तो घासूनपुसून कोरडा यायचा आणि वरच्या पुडात कागदात गुंडाळलेलं पाकीट असायचं. तू दोनदा विचारलंस, अजून किती दिवस घ्यायच्यात म्हणून. दोन्ही वेळा मी तुझ्यावर चिडले. दुकानातून अशा परस्पर दिल्याचं कळलं तर तुझं काय होईल, हा विचार मला शिवला नाही. मी दिवसाला सहावर गेले होते. बाबांना दोनच माहीत होत्या.

आता त्या दिवसाचं सांगते. दिवाळीआधीचा गुरुवार होता. मी फाट्यावर गाडीची वाट बघत उभी होते, अंगात कळ भरलेली. कंडक्टर झुंबरभाऊंनी खिडकीतून डबा दिला आणि ते काहीतरी बोलले. मी मान हलवली, तिथंच वरचं पूड उघडलं आणि दोन कॅप्सूल पाण्याशिवाय गिळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात वास यायला लागला म्हणून खालचं पूड उघडलं, तर मेथीची भाजी आणि दोन भाकरी मी दिल्या होत्या तशाच, आंबून गेलेल्या. संध्याकाळी झुंबरभाऊंना विचारलं. ते म्हणाले, “ताई, काल सांगितलं की तुमाला. पोरगी तापानं फणफणली हुती, स्टँडवर भिंतीला टेकून बसली हुती. तुमी व्हय व्हय म्हणाला.”

मेघना, तू तापात, उपाशी, फक्त माझं पाकीट द्यायला स्टँडवर आली होतीस. आणि मी व्हय व्हय म्हणाले. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. सकाळी पाचला उठून भाकरी थापत होते ते तुझ्यासाठी, असं मी सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत होते. खरं म्हणजे डबा परत यावा म्हणून तो पाठवत होते.

तू बरी होऊन कामाला गेलीस हे कळलं आणि त्याच दिवशी मी सगळ्या बंद केल्या, एकदम. कुणाला काही न सांगता. तिसऱ्या दिवशी माणसात राहिले नाही. पोट वाहायला लागलं, अंगावर काटा आणि घाम एकाच वेळी, पाय एका जागी ठरेनात. शेजारची छबूबाई बघायला आली आणि म्हणाली, “ह्ये बाहेरचं हाय, उतरून टाकू.” बाबांनी तिला हात जोडले आणि मला इंदापूरला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती घेत होता? मी दोन म्हणाले. त्यांनी तेच परत विचारलं. मग मी सहा म्हणाले. बाबा उठून बाहेर गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले.

बाईंनी समजावलं, एकदम सोडायच्या नाहीत, पाच-सहा दिवसांनी एक कमी करायची. हे दुखणं निम्मं कंबरेचं, निम्मं कॅप्सूल सुटण्याचं. दुसरं निम्मं ओसरतं. शेक घ्या, थोडं चाला, घरच्यांना सांगून ठेवा. आता पाकीट बाबांच्या खिशात असतं, रानात जातानाही. मी दोनावर आलेय. तुला मात्र एवढंच कळवलं होतं की सध्या पुरेशा आहेत. लाज वाटली, दुसरं काय.

पण या शेवटच्या दोन सुटतील असं वाटत नाही. हे दुखणं असंच राहिलं तर काय, याची भीती वाटते. त्याहून जास्त भीती मी काय करीन याची वाटते. शनिवारी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. पाकीट ते न्हाणीत घेऊन गेले होते. आज सकाळी तुझ्या भाकरीखाली चिठ्ठी ठेवली होती, बाबांची पाठ धरलीय, त्यांच्यासाठी निळ्या कॅप्सूल पाठव म्हणून. बाबांच्या नावानं, बघ. अक्षर जराही हललं नव्हतं. फाट्यावर गाडी दिसली तेव्हा डबा उघडून ती काढली आणि फाडली. उद्या काढता येईल का, सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र पोस्टानं. पेटीत टाकल्यावर हात आत जात नाही, ते परत काढता येत नाही. डब्यातून माझी चिठ्ठी आली, बाबा पडले म्हणून आली, मी मरतेय म्हणून आली, तरी ती खरी मानू नकोस. माझ्याच अक्षरात असली तरी. बाबांना हे सगळं मी सांगितलंय; तसं काही झालं तर ते स्वतः येतील किंवा झुंबरभाऊंकडे तोंडी निरोप देतील. तू काही पाठवू नकोस आणि चिडून मी काही वेडंवाकडं लिहिलं तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि एक कर. यापुढं डबा घासून पाठवत जाऊ नकोस. तसाच उष्टा पाठव. तू जेवलीस का, ते मला बघायचंय.

तुझीच,
आई