राहायला आल्याची तारीख

१४ सप्टेंबर १९९८, सोमवार
नेब्रास्कातलं हे गाव आवडलं. घर लहान आहे, पण स्वयंपाकघरात ऊन येतं, आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, ट्रूडीला, पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली. शेरीफच्या ऑफिसात आज रुजू झाले. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगून सुटलेल्यांची नोंदवही माझ्याकडे. घर बदललं की कामकाजाच्या तीन दिवसांत त्यांनी नवा पत्ता लिहून द्यायचा. भिंतीवर नकाशा, शाळेभोवतीच्या तांबड्या वर्तुळात त्यांना राहता येत नाही. डेप्युटी व्हर्जिल म्हणाला, सोपं काम आहे गं लॉर्ना, टाचण्या टोचायच्या आणि कॉफी प्यायची. कॉफीची जबाबदारी मात्र मी घेत नाही.

१७ सप्टेंबर
एल्डन प्रूइट आला. साठीचा, टोपी हातात. पत्ता हायवेवरच्या मोटेलचा. कुठे राहता येईल, असं नम्रपणे विचारलं. मी उत्साहाने नकाशावर गल्ल्या दाखवल्या. बोलता बोलता म्हणून गेले, आमचीही वर्तुळाबाहेर आहे. कुठली, ते त्याने विचारलं नाही. माझं बोट तिथेच होतं.

२२ सप्टेंबर
प्रूइटचा नवा पत्ता: धान्याच्या कोठारामागचा ट्रेलर. व्हर्जिल म्हणाला, एवढा शहाणा गडी अख्ख्या यादीत नाही. फाईल लावताना वाचलं: पीडित मुलीचं वय आठ. फाईल मिटली.

३० सप्टेंबर
तिसरा पत्ता. टाचणी हलवली. नकाशावर तिची जुनी भोकं एका रेषेत दिसतात, आमच्या गल्लीच्या दिशेने. व्हर्जिलला दाखवलं. तो म्हणाला, कायदा त्याला हलू नकोस म्हणत नाही, सांगून हल म्हणतो. आणि तो सांगतोय.

२ ऑक्टोबर
चौथा पत्ता आमच्या मागच्या गल्लीत. ऑफिसातून परस्पर दुकानात गेले. रविवारी दोन्ही दारांना नवी कुलपं बसवीन. जड आहेत.

६ ऑक्टोबर, मंगळवार
काल संध्याकाळपासून पोटमाळ्यावर खुडबुड. वर जायची घडीची शिडी छतात मिटलेलीच आहे. घरमालक फोनवर हसला. खारी असतील, म्हणाला, थंडीआधी घुसतात, त्यांना काय तुमची कुलपं. ट्रूडीने त्यांची नावंही ठेवली.

७ ऑक्टोबर
दूध संपलेलं. ट्रूडीला ओरडले. मी नाही प्यायले, म्हणाली. रडली. अंग गरम लागलं.

८ ऑक्टोबर, गुरुवार
ट्रूडीला ताप. शाळा नाही. घरीच ठेवून आले. शेजारच्या बाई दुपारी डोकावतील.

११.२० — तुझा गडी सकाळीच येऊन गेला, व्हर्जिल म्हणाला. कागद न वाचताच ट्रेमध्ये टाकला होता.
पत्ता आमचा.
राहायला आल्याची तारीख: ५ ऑक्टोबर, सोमवार.
आज तिसरा दिवस. वेळेत.
सोमवार. कुलपं त्याच्या आदल्या दिवशी. दारातून नाही, मग —

११.२६ — व्हर्जिल निघाला. फोन सोडू नकोस, म्हणाला, तारखा लिहून ठेव, लागतील. घरी रिंग वाजते आहे. उचल. उचल.

उचलला. हळू बोलते आहे. म्हणते, आई, खारींनी शिडी खाली सोडली.

पळ म्हटलं. पुढच्या दाराने.
बिनतारी फोन घेऊन दाराशी आहे. कुलूप जड — तिच्याने फिरत ना