लाटेवर बसून आलेला मामा

लॉर्न,

आशीर्वाद निम्माच पाठवतेय, उरलेला तुझं वागणं बघून. आणि "दाजींना थोडंसं लागलं" म्हणजे काय रे? नडगी दोन ठिकाणी मोडलीय त्याची! तुझी तब्येत बरी असेलच. (त्या घळीतून धडधाकट असा तूच तर उतरलास.) इथे ऑर्विल सोफ्यावर प्लास्टरचा पाय पसरून पडलाय आणि हाताशी घंटी दिल्यासारखा कॉफी मागतोय.

दरवर्षी नोव्हेंबर लागला की तुम्हा लोकांना खाज सुटते. गावात पहिला स्की करून कोण आला, केवढा तो मान! खाली दरीत पाऊस, चिखल, झुडपं उघडी. "एवढ्याशा बर्फात कुठला हिमलोट येतोय, ताई," असं माझेच पॅनकेक खाताना मला म्हणालास. अरे, हे समुद्राकडचे डोंगर. आधी शिखरापर्यंत पाऊस, मग तो गोठून काच, आणि त्या काचेवर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ. खाली स्की करायला जागा नाही म्हणून चढलात कुठे, तर जिथे वाऱ्याने ढीग लावला होता तिथेच. जिथे तुम्हाला घसरण्यापुरता बर्फ, तिथे बर्फालाही घसरण्यापुरता बर्फ! लोट सुटलाच. त्यात वर थर पातळ, त्यामुळे ऑर्विल त्याच्याबरोबर एकेका खडकाची ओळख करून घेत खाली आला.

आणि गाडलेला माणूस शोधायचं ते गळ्यातलं यंत्र? उन्हाळाभर बॅटऱ्या आतच, पाझरून हिरवं दही झालेलं. निघताना एकमेकांची यंत्रं तपासायची असतात. तुम्ही म्हणे डोनट तपासत होतात. ऑर्विलचं नाक वर राहिलं म्हणून सापडला. (लग्न झाल्यापासून त्या नाकाला नावं ठेवली, आता बोलायची सोय राहिली नाही.)

आणि बारमध्ये तू काय सांगितलंस? "लाटेवर बसून आलो!" आमच्या ब्रिनने ते ऐकलं आणि जेवताना मला सांगितलं. पोरीचे डोळे असे चमकले की तू समोर असतास तर हातातलं ताट भिरकावलं असतं. शनिवारी आभाळ उघडणार म्हणतात, आणि ती मैत्रिणींना घेऊन त्याच घळीत निघालीय. मी नको म्हटलं तर म्हणते, "आई, भित्री तू आहेस. मामा नाही घाबरत."

डार्लीन

ता. क. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. पाय बरा होईल, त्याच्यासाठी मी लिहायला बसले नाही.

आणखी एक. ऑर्विलने मला सगळं सांगितलंय. त्याने डोळे उघडले तेव्हा तू नुसत्या हातांनी बर्फ उकरत होतास, बोटं रक्ताळलेली, आणि "ताईला काय तोंड दाखवू" म्हणत ढसाढसा रडत होतास. नंतर उतारावर बसलास तो उठेचनास. (मी हे कुणाला सांगितलेलं नाही.) ब्रिनला हे तू सांग. नुसतं "जाऊ नकोस" नको, ते सांगून मी थकले. रडलास ते सांग, पाय उचलेनात ते सांग. तुझी इज्जत गेली तर जाऊ दे, पोरगी राहील. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिला फोन कर. करणार की नाही, ते ट्रकवाल्याच्याच हाती लिहून पाठव.