चौथ्या पानावरचा प्रश्न

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींना आता उजव्या कानानेही कमी ऐकू येतं, म्हणून घरातला फोन मोठ्या आवाजात ठेवावा लागतो आणि आपलं बोलणं जिन्यातले शेजारीसुद्धा ऐकतात. त्यापेक्षा पत्र बरं.

मे महिन्यातल्या परदेशच्या सहलीचं काय ठरवलंस? आम्ही दोघं, तू आणि तुझी बारकी, असे चौघं जायचं ठरून दोन महिने होत आले. आमचे व्हिसाचे अर्ज गेलेसुद्धा. बारकी सांगत होती की विषय काढला की बाबा मोटरच्या वाइंडिंगवरून मान वर करत नाहीत. मला एकदा म्हणालास गुडघा दुखतो, एकदा म्हणालास दुकानात पंपांच्या जळक्या मोटारींचा ढीग पडलाय, आणि परवा म्हणे थंडी सोसत नाही. गुडघा दुखणारा माणूस पाण्याच्या टाकीवर चढून पंप उतरवतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

बारकीची आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दुकान आणि घर यापलीकडे तू पाऊल टाकलेलं नाहीस. भाऊजी सत्तर वर्षांचे होतात, हे निमित्त आहे. खरं म्हणजे मला एकदा तुला कुठेतरी घेऊन जायचं आहे. का, ते विचारू नकोस.

अर्ज भर आणि कळव. तोवर आशीर्वाद आहेतच, पण जरा हात राखून.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याचं खोटं होतं, थंडीचंही.

अर्जाच्या चौथ्या पानावर एक प्रश्न आहे. तुम्हाला आजवर कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. बारकी दिवसभर कवळ्या घडवून दमून आली होती. कॉम्प्युटरवर माझा अर्ज उघडून ती भराभर 'नाही'वर खुणा करत खाली चालली होती. दुसरं नाव नाही, मोठा आजार नाही, तिकडे कुणी नातेवाईक नाही. त्या प्रश्नाच्या दोन ओळी आधी मी म्हटलं, पुरे आता, माझे डोळे दुखतात. तिने अर्ज मिटला. त्याला तीन आठवडे झाले.

तिला काहीच माहीत नाही, ताई. तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाबा लांब धरणावर मोटारी बसवायला गेलेत, असं आपण चौदा महिने सांगत राहिलो. मोठी झाली की सांगू म्हणता म्हणता तेवीस वर्षं गेली. आता कुठून सुरुवात करू? तुझा बाप आधी लिफ्ट कंपनीत होता, त्याने एक लिफ्ट न बघताच 'तपासली' म्हणून वहीत सही केली, आणि चौथ्या दिवशी ती लिफ्ट पडदे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याला घेऊन खाली कोसळली, त्यात तो गेला, असं जेवताना सांगू की जेवण झाल्यावर?

मी फार दमलोय. हे सगळं पुन्हा उचलून कुठे न्यायचं त्राण नाही. तुम्ही तिघं जाऊन या. भाऊजींना नमस्कार, जरा मोठ्याने सांग.

तुझा लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वेडेपणा करू नकोस. प्रवास कंपनीतल्या बाईंना मी ओळखीच्या कुणाचं म्हणून विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, इतकं जुनं कुणी उकरत बसत नाही, बिनधास्त 'नाही'वर खूण करा आणि मोकळे व्हा. त्यांच्याकडचे कितीतरी लोक तसंच करतात.

तू काय चोरी केलीस, की कुणाच्या पोटात सुरा खुपसलास? सांगितले तेवढे महिने आत काढलेस, बाहेर येऊन पहिल्यापासून दुसरा धंदा शिकलास, पोर वाढवलीस. आणखी किती वर्षं मान खाली घालून चालणार आहेस? एका चौकोनात एक खूण, तेवढं माझ्यासाठी कर. बारकीला कळायचं कारणच नाही.

आणि ऐकून ठेव, तू येणार नसशील तर मीही जाणार नाही. मग भाऊजी एकटे बर्फ बघून येतील आणि कुणाचंही काही न ऐकता परत येतील.

हे पत्र वाचून फाडून टाक. उत्तराची वाट बघते. चिडले असले तरी

तुझीच,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावशील म्हणून चार दिवस पत्र लिहायचं टाळलं. मी 'हो'वर खूण केली.

बारकीला चहा टाकायला सांगितलं आणि ती आत गेल्यावर चौथं पान मी स्वतः भरलं. तुझं ऐकायचं ठरवूनच बसलो होतो, बाण 'नाही'च्या चौकोनावर नेलाही होता. पण न बघता 'सगळं ठीक' लिहिलं म्हणूनच मी आत गेलो होतो. या वयात पुन्हा तसल्याच कागदावर तसलीच खूण करायला हात धजेना. याला चांगुलपणा म्हणू नकोस. तिकडे उतरल्यावर कुणी हटकलं आणि शेजारी बारकी उभी असली तर, ही धास्तीच जास्त होती.

निकालाची प्रत जोडायची होती, म्हणून कोर्टात तीन हेलपाटे घातले. जुन्या कागदांच्या खोलीत धुळीने माखलेला एक कारकून बसतो. त्याने वर न बघता कुणाची केस म्हणून विचारलं. मी माझीच म्हटल्यावर त्याने मान वर केली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. अकरा पानं आहेत. तेव्हा ऐकू आली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. आता बसून वाचली, आणि बारकी कामावर असताना अर्जाला जोडून धाडली. त्यातलं काही तुला लिहायला हवं, पण आज नको.

बारकीला अजून सांगितलेलं नाही. व्हिसा आला तर विमानात सांगेन, असं ठरवलंय. तिथून ती उठून कुठे जाणार?

राग निवला की दोन ओळी टाक.

धाकटा


११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना व्हिसा नाकारला. अर्ज माझ्या ईमेलवरून केलेला, त्यामुळे उत्तरही मलाच आलं. तेव्हा मी कामावर होते आणि हातात कुणाची तरी खालची कवळी होती. 'आपण जाहीर केलेल्या शिक्षेचा विचार करता' अशी त्यात ओळ होती. मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद बाबांना चिकटवला. त्यांना चांगलं झणझणीत उत्तर लिहायला बसले, आणि पुरावा म्हणून बाबांचा अर्ज पुन्हा उघडला. त्यात कोर्टाच्या निकालाची अकरा पानं होती.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना वाटलं, माझं कामावर काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि फोन त्यांच्यापुढे वार्निशच्या डब्यांच्या मध्ये ठेवला. त्यांनी ती ओळ वाचली. मग एक बेअरिंग पुसता पुसता सगळं सांगितलं. ते पुसून केव्हाच लख्ख झालं होतं, तरी पुसत होते. त्या शिंप्याला एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी, ती कोर्टात यायची, हेही सांगितलं. मी विचारलं, तुम्ही तिच्याशी कधी बोललात का? ते नाही म्हणाले.

खरं सांगू? राग तुझा जास्त आला. धरणावरून येणारी बाबांची पत्रं तू लिहायचीस ना? एका पत्रात धरणाच्या भिंतीचं चित्रसुद्धा काढलं होतंस, ते मी शाळेत सगळ्यांना दाखवलं होतं. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. उन्हातलं काम म्हणून सांगितलंत आणि बाबा गोरे होऊन परत आले.

मी तिकीट रद्द करणार होते. बाबा म्हणाले, तू माझ्यामुळे राहिलीस तर मला पुन्हा शिक्षा झाल्यासारखं होईल. म्हणून येते मी. आणि तूही आता नाही म्हणू नकोस, त्यांना सोसवणार नाही.

आतोबांना नमस्कार. रुसलेली आहे, तरी माया पातळ करू नकोस.

बारकी


१९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे परदेशातून लिहिते आहे. खिडकीतून तळं दिसतं, पलीकडे बर्फाचे डोंगर, अगदी कॅलेंडरवर असतात तसे. भाऊजी दर अर्ध्या तासाने 'वा' म्हणतात. बारकी सकाळीच बूट घालून एकटी फिरायला जाते आणि गाल लाल करून परत येते. माझ्याशी आधी मोजकं बोलत होती, काल होडीत मला मळमळायला लागल्यावर पाठ चोळत बसली. मला मात्र कशात गोडी वाटत नाही. चांगलं काही दिसलं की चौथी खुर्ची आठवते.

उतरलो त्या दिवशी रांगेत उभे होतो. खिडकीतल्या साहेबाने माझा पासपोर्ट उलटसुलट करून बघितला. वाटलं, आता हा मला विचारणार. त्याने शिक्का मारला आणि हसून जा म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं. बारकीला वाटलं, दमले असेन.

ज्या शुक्रवारी तू ती सही केलीस, त्या दुपारी मी तुझ्या कंपनीत फोन केला होता. तू विसरला नसशील. आम्ही घर बदलत होतो. भाऊजी जुन्या घरी राहिलेलं सामान बांधत होते आणि इकडे नव्या घराच्या दारात कपाट अडकलं होतं. हमाल निघून चालले होते. मी म्हटलं, असशील तसा ये. तू म्हणालास, अजून एक इमारत बाकी आहे. मी म्हटलं, एक दिवस नाही बघितलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? हेच शब्द होते. तू आलास, दाराची फळी काढून कपाट आत घेतलंस, चहा घेऊन गेलास. चौथ्या दिवशी ती लिफ्ट पडली.

त्या दिवशी लवकर का निघालास, असं कोर्टात तुला विचारलं. तू म्हणालास, कामाचा कंटाळा आला होता. मी मागच्या बाकावर बसले होते. उठून उभी राहिले नाही. तू आत गेलास त्या महिन्यात मी ते कपाट देऊन टाकलं. भाऊजींना सांगितलं, वाळवी लागली.

तू माझं नाव घेतलं नाहीस, याचं ओझं मी रोज वाहते. म्हणून तुला इथे आणायचं होतं. एवढी वर्षं तोंडाने सांगता आलं नाही, आता लिहून टाकलं. क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही.

ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं, तुम्ही परत येऊन पंधरा दिवस झाल्यावर. तुम्हाला आणायला विमानतळावर आलो तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस. गाडीतही सगळा वेळ बाहेर बघत होतीस. मला वाटलं, प्रवासाचा शीण. आता कळलं, पत्र अजून वाटेत होतं.

ताई, तू मला बोलावलंस म्हणून ते झालं नाही. कंटाळा आला होता, हे मी कोर्टात अगदी खरं सांगितलं होतं. त्या इमारतीच्या लिफ्टचं मशीन गच्चीवर होतं. तपासायला लिफ्ट बंद करायची, सहा मजले चालत चढायचे आणि वर आणखी लोखंडी शिडी. त्या शुक्रवारी मी चढलो नाही. त्याच्या आधीच्या महिन्यातही चढलो नव्हतो, आणि त्याच्याही आधीच्या महिन्यात नाही. तिन्ही वेळा खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर सही करून निघालो. ब्रेक झिजत चाललेला मी एकदा जरी वर गेलो असतो तरी दिसला असता.

तुझा फोन आला तेव्हा मी ती सही करूनच कंपनीत परतलो होतो. अजून एक इमारत बाकी आहे, ही थाप होती. मला तुझं कपाट उचलायचं नव्हतं.

निकालात लिहिलंय की आरोपीकडून ही चूक एकदाच घडली, आधीचं काम चोख, म्हणून शिक्षा कमी. आधीच्या सह्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मार्चमध्ये ती ओळ वाचली तेव्हाच तुला लिहिणार होतो, पण हात आखडला.

आणि याहून वाईट सांगतो. तुला काय वाटतंय, ते मला माहीत होतं. दर शनिवारी भेटायला यायचीस आणि जाळीपलीकडे बसून आधी डोळे पुसायचीस. मला ते दुसऱ्याच भेटीत कळलं होतं. एका वाक्यात तुला मोकळं करता आलं असतं. केलं नाही, कारण तू थोडा दोष उचललेलास तोवर मला माझा हलका वाटत होता. पुढे सवय झाली.

बारकीला काल हे सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे आधी आत्याला लिहा.

आता लोभ असू दे असं कुठल्या तोंडाने लिहू? तू ठरव.

धाकटा


२० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली होतं. इतकी मी तुझ्यावर लहानपणीसुद्धा कधी चिडले नव्हते. तेवीस वर्षं, धाकट्या. भाऊजींनी कुणाच्या घरी कपाटाचा विषय काढला तरी मी तिथून उठून जायचे. आणि तू जाळीपलीकडे बसून बघत होतास!

काल भाऊजींना सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे आता जिन्यालाही माहीत आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले की दाराचं माप त्यांनी घेतलं होतं, ते घाईत चुकलं, नाहीतर कपाट अडकलंच नसतं आणि मी फोनच केला नसता. त्यांच्या मनातही तेव्हापासून हेच होतं. मी कपाट देऊन टाकलं तेव्हा त्यांना वाटलं, मी त्यांच्यावरच्या रागाने दिलं. एका घरात राहतो आम्ही. मला हसावं की रडावं कळेना, मग दोन्ही झालं.

रात्री बऱ्याच वर्षांनी सलग झोपले. सकाळी उठले तर राग जागच्या जागी होता, पण अंग हलकं होतं.

बारकीचा फोन आला होता. शिंप्याच्या मुलीचा पत्ता त्या अकरा पानांत आहे, असं म्हणाली. तिथे जायचं की नाही, आणि गेलं तर त्या मुलीला ते हवंय का, हे तू ठरवायचंस. जाणार असशील तर या वेळी तिन्ही सह्या सांग. मी बरोबर येणार नाही. दाराशी मी उभी राहिले तर तू पुन्हा माझ्याआड लपशील.

येत्या रविवारी इकडे येऊ नकोस. मला अजून थोडं चिडून राहायचं आहे, तेवढा माझा हक्क आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ये, जेवायलाच ये.

राग आहे, लोभही आहे. सध्या दोन्ही असू देत.

तुझी,
ताई