लॅमिनेट केलेला नकाशा

नागपूर,
१८ सप्टेंबर २०२५

ती. रत्नाआत्याबाईस,
रक्षाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तुम्ही फक्त जेवली का विचारता, म्हणून हे पत्र. वाचून चुलीत टाका.

तीन वर्षांपूर्वी माझ्या ॲडमिशनच्या दिवशी घरी धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, चालू होते, म्हणून बाबांच्या जागी तुम्ही नागपूरला आल्या होत्या. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या यादीत माझं नाव लागलं नाही आणि मी इंटेरिअर डिझाइनला गेली. घरी सिव्हिलच सांग, तुझ्या बापाले, टिकारामले मी पाहून घेईन, असं तुम्हीच म्हटलं होतं. तुम्ही काही पाहून घेतलं नाही आणि माझीही हिंमत झाली नाही. बाबा आजही आंधळगावात सांगत फिरतात की आमची रक्षा इंजिनिअर होऊन राहिली.

आता गोष्ट जिवावर आली आहे. कॉलेजात आम्हाला आपापल्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं मांडायला दिलं होतं. हा नुसता कल्पनेचा अभ्यास आहे, कोणती भिंत काय तोलते ते धरू नका, असं मॅडमनी सांगितलं. मी रसोई आणि बैठकीमधली भिंत कागदावरून काढून टाकली. सगळे बैठकीत हसत असतात आणि आई आत एकटी भाकरी थापत असते, ते मले लहानपणापासून खुपते. पोळ्याला घरी गेली तेव्हा कौतुकानं नकाशा दाखवला. बाबांनी तो मोहाडीला नेऊन लॅमिनेट करून आणला. दसऱ्याच्या मुहूर्तावर भिंत पाडायची, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेचे पाहुणे येण्याआधी घर मोकळं दिसलं पाहिजे, असं ठरवून बसले आहेत.

आत्याबाई, माळ्याची तुळई त्याच भिंतीवर टेकली आहे आणि माळ्यावर धानाची पोती आहेत. भिंत गेली की माळा खाली येईल, आणि खाली आई असते.

मी दोनदा फोन केला. बाबांनी स्पीकर लावला आणि भैय्याजी मिस्त्रीसकट चार लोकांसमोर मले मापं समजावून सांगायला लावली. जरा थांबा म्हटलं तर हसले, इंजिनिअर होऊन भिते म्हणाले. मी मापं सांगून फोन ठेवला. परीक्षा सुरू आहे, दसऱ्याआधी मले निघता येत नाही. तुम्ही बाबांची मोठी बहीण, तुम्हीच त्यांना थांबवा.

माया आटवू नका, तेवढंच मागते.
तुमची
रक्षा


आंबागड,
२३ सप्टेंबर २०२५

चि. रक्षास,
आत्याबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. चुलीत टाकलं नाही, गादीखाली ठेवलं आहे. माझं अक्षर कसं आहे ते तुले माहीत आहे, तसंच वाचून घे.

ते खोटं माझ्या तोंडचं आहे, हे मी कबूल करते. तुझ्या बापाचा राग मले ठाऊक होता म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं घालवली. पण मी आता जाऊन थांब म्हटलं तर तो कायले ऐकते? भैय्याजीनं चाळीस वर्षं घरं बांधली, त्यानं ह्या भिंतीले हात लावू नका म्हटलं, तर टिकारामनं त्यालेच गप्प केलं. माझी पोरगी शिकलेली आहे, तुले काय समजते, असं त्याले चारचौघांत म्हटलं म्हणे. तुझ्या कागदापुढे तो कोणालाच मोजत नाही. म्हणून दुसरा कागदही तुझ्याच हातचा पाहिजे.

त्याले खरं लिही. भिंतीचं लिहून कोर्स लपवशील तर तो म्हणेल पोट्टी घाबरली, आणि घण चालवेल. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचते आणि त्या भिंतीले पाठ लावून बसते. मले उठवल्याशिवाय तर पाडणार नाही ना. पण भाऊ रागात असला की कोणालेही उठवते, म्हणून तू उशीर करू नको.

इकडे हलके धान कापणीला आले. जेवत जा, पोळ्याला वाळकी दिसली होती.

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.
आत्याबाई


नागपूर,
२६ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
रक्षाचा नमस्कार. वि. वि.

हे स्पीडपोस्टनं पाठवते. आधी कामाचं वाचा. ती भिंत पाडू नका. तुळई तिच्यावर आहे. माझा नकाशा अभ्यासासाठी होता, त्यात भार धरलेलाच नाही. भैय्याजीकाका बरोबर बोलले, मी चुकली.

दुसरं. मी सिव्हिलला नाही. कधीच नव्हती. मी इंटेरिअर डिझाइन शिकते. तीन वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं. आत्याबाईंवर रागावू नका, बोलायचं तोंड माझंही होतं. तुम्ही लोकांना माझं सांगायचे तेव्हा मले लाज वाटायची आणि बरंही वाटायचं, म्हणून गप्प राहिली.

शिक्षण थांबवायचं असेल तर थांबवा, मी येते परत. पण आईले त्या छताखाली बसवू नका.

लोभ मागायला जीभ रेटत नाही.
आपली
रक्षा


आंधळगाव,
४ ऑक्टोबर २०२५

चि. रक्षास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ३० तारखेले मिळालं. दोन दिवस वावरातच काढले. रत्नाबाई येऊन भिंतीले टेकून बसली. तिले ऐकू येत नाही हे एक बरं, नाहीतर खूप बोललो असतो.

दसऱ्याले भैय्याजी घण घेऊन आला. सोबत बघायले चार लोक. मीच बोलावले होते. भिंत राहू दे म्हटलं. त्यानं विचारलं, कोण म्हणते? म्हटलं, पोरगी. मग सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि सांगितलं की माझी पोरगी इंजिनिअर नाही. माझ्या पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. राग गेला नाही, कधी जाईल ते मलेही माहीत नाही. फोन करू नको, आवाज ऐकला की डोकं फिरेल.

भैय्याजीनं पुढे विचारलं की मग शिकते तरी काय. मी नाव सांगितलं. त्यात काय करतात, त्यानं विचारलं. मले सांगता आलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. तीन वर्षांत मी तुले एकदाही विचारलं नव्हतं की दिवसभर काय करतेस. विचारलं असतं तर तुझं खोटं पहिल्याच महिन्यात उघडं पडलं असतं.

कॉलेज सोडू नको. सकाळपासून काय काय शिकवतात ते सगळं लिहून पाठव, सोप्या भाषेत. भैय्याजी पुढच्या शनिवारी येणार आहे, त्याले सांगायचं आहे.

टिकाराम