वाइंडिंग बाहेर जातंय

७ जुलै १९८६, सोमवार

ठरलं! वाइंडिंग बाहेर द्यायचं. जयवंतसाहेबांनी — आमच्या वर्क्स मॅनेजरनी — केबिनमध्ये बोलावून सांगितलं. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे घालून कॉइली करायच्या, हे काम अंधेरीच्या आमच्या कंपनीत अकरा वर्षं मी आणि माझ्या हाताखालच्या बारा बायका करतोय. आता ते गोवंडीच्या एका गाळ्यात होणार. स्वस्तात. हेड ऑफिस जर्मनीत, हुकूम तिथला.

"आणि आम्ही?"

"दिवाळीपर्यंत सेक्शन चालू. मग बघू. पॅकिंगला थोडी जागा आहे."

थोडी म्हणजे किती? पाच जणींची. बाकीच्या आठ?

वर कहर म्हणजे गोवंडीच्या बायकांना शिकवायला मीच जायचं!

८ जुलै

सेक्शनमधली जानकी ऐकून घेईना. "नलिनी, आपल्याच हातान आपलो खड्डो खणूक चललंस गो?" म्हटलं, मी नाही गेले तर दुसरी जाईल. हे बोलताना मलाच पटलं नाही.

१० जुलै

गोवंडीला गेले. गाळा शकु नावाच्या बाईचा. वय तिशीच्या आत, बोलणं फटाफट. वर पत्रा, खाली फरशी, सहा मशिनं, सहा बायका. माझ्या मनात आलं, यांना काय जमणार! आमच्याकडेच शंभरात बारा कॉइली तार तुटून वाया जातात. पावसाळ्यात तर पंधरा-सोळा. तार जिच्यातून ओढली जाते ती लोकरीच्या कापडाची चकती दमट होते, तारेला धरून ठेवते, की तुटलीच. पण चकती जर्मनीहून आलेल्या ड्रॉइंगमध्ये आहे. म्हणून चकतीच.

१७ जुलै

आज भडकले. सुंदराबाई नावाची पन्नाशीची बाई आहे. सिन्नरकडची, आयुष्यभर बिड्या वळलेली. तिने चकती काढून तिथे जुन्या लुगड्याची घडी बसवली होती, वर तोंडाला लावायची पावडर भुरभुरवलेली! मी म्हटलं, "हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे? काढा आधी."

ती म्हणाली, "बाई, घामानं तार अडती. बिड्या वळताना आमी बोटांला अशीच पावडर लावायचो."

काढायला लावलंच. शकुने वही काढून काहीतरी लिहिलं.

१८ जुलै

काल पावडर असेपर्यंत तिच्या चाळीस कॉइलींत एक तुटली होती. शकुने लिहून ठेवलेलं. मी काढल्यानंतर चाळिसांत सहा.

लाज वाटली. अकरा वर्षं मी ते ड्रॉइंग सोवळ्यात ठेवलं. दर पावसाळ्यात तारा तुटताना बघितल्या आणि तक्रारवहीत 'हवा दमट' एवढंच लिहीत राहिले. ही बाई आठवड्यापूर्वी मशिनला बसली! तिला कोणी सांगितलं नव्हतं की विचार करायचा नाही.

सुंदराबाईंना म्हटलं, "चुकले मी. लावा पावडर." त्या हसल्या. "लावलीया कवाच."

२१ जुलै

घडी आणि पावडरचा डबा घेऊन माझ्या सेक्शनमध्ये आले. जानकीने आधी नाक मुरडलं, मग दुपारपर्यंत तार एकदाही तुटली नाही तेव्हा तिनेच डबा पळवला. सगळा विभाग गंधाने दरवळतोय, लग्नघरासारखा.

२ ऑगस्ट

पावडरने कॉइल बिघडते का ते बघायला पावडरच्या कॉइली आठ दिवस दमट पेटीत ठेवल्या होत्या. एकही बिघडली नाही! जयवंतसाहेब खूश. म्हणाले, सुधारणेचा फॉर्म भरा, जर्मनीला पाठवतो. आपल्या कंपनीतून असा फॉर्म आजवर गेलेला नाही.

फॉर्ममध्ये नाव आणि कामगार क्रमांक. सुंदराबाईंना क्रमांक कुठला! साहेब म्हणाले, "तुमचा टाका ना. सेक्शनच्या नावावर गेलं तर सेक्शन वाचवायला मला तोंड राहील."

४ ऑगस्ट

दोन दिवस फॉर्म पिशवीत. तेरा जणींची नोकरी एका बाजूला, सुंदराबाईंचं नाव एका बाजूला. माझी झोपच उडाली. शेवटी नाव लिहिलं — सुंदराबाई, शकुचा गाळा, गोवंडी. क्रमांकाच्या जागी रेघ मारली. खाली लिहिलं: आम्ही हे अकरा वर्षं बघितलं नाही, कारण ते बघणं आमचं काम आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता सांगा.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "वाट लावणार तुम्ही माझी." पण सही केली!

२९ ऑगस्ट

काही नाही.

१९ सप्टेंबर

आलं उत्तर! ड्रॉइंग बदललं. पावडर मंजूर, शेरा म्हणून सुंदराबाईंचं नाव. आणि रोजचं वाइंडिंग गोवंडीला गेलं तरी आमचं सेक्शन राहणार. नवीन कॉइलींचे नमुने इथे करून बघायचे, मग गाळ्यात द्यायचे. तेराच्या तेरा जणी! सुंदराबाई आठवड्यातून दोन दिवस इथे येणार, कंपनीच्या खर्चाने.

जानकी रडली. मग मला म्हणाली, "तुझी अक्कल बरी गो." मी म्हटलं, माझी नाही. काम बाहेर गेलं म्हणून तर अक्कल आत आली. अकरा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

जर्मनीहून टेलेक्स. तिथला वाइंडिंग विभाग बंद करताहेत. सगळं काम इकडे — आम्हाला आणि गोवंडीला. ते आम्हाला शिकवायला तिथलीच सुपरवायझर येतेय. बाई आहे, एकोणीस वर्षं त्याच कामात. तिच्या हाताखाली चौदा जणी आहेत.

साहेबांना विचारलं, "त्यांचं काय?"

म्हणाले, "ते टेलेक्समध्ये नाही."